चार इसा फेरे

कळंबच्या शालनला पोटच्या पोरीचा हेवा वाटायचा. आता घ्या! आईला लेकीचा हेवा म्हटलं की ऐकणाराच कानावर हात ठेवतो. पण जे होतं ते होतं, त्याला गोडगोड नाव देऊन काय उपयोग? आणि हा हेवा काही जन्मापासूनचा नव्हता. दहावीचा निकाल लागला, साक्षी फर्स्ट क्लासात पास झाली आणि बारामतीच्या टेक्निकलला इलेक्ट्रिकलचा दोन वर्षांचा कोर्स करणार म्हणाली, त्या शहाण्णव सालच्या जूनमध्ये तो शालनच्या पोटात शिरला. तोवर ती चारचौघींसारखीच आई होती.

शालनचं काम आधी समजून घ्या, नाहीतर तिची आग कळायची नाही. तिचा नवरा रविंद्र कळंबच्या रस्त्याला, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून द्यायचा. बाहेर पाटी होती, 'रविंद्र मोटार रिवायंडिंग'. पाटी रविंद्रची, गिऱ्हाईक रविंद्रचं, नाव रविंद्रचं. तो विहिरीत उतरून मोटार काढायचा, खोलायचा, बेअरिंग बसवायचा आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. पण मोटारीचा जीव म्हणजे आतली तांब्याची तार, आणि ती तार भरायची शालन. शेडच्या मागच्या अंगाला, पडद्याआड, पोत्यावर बसून. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी रविंद्रची दोन बोटं पट्ट्यात सापडली आणि त्याला बारीक तार धरता येईना, तेव्हापासून हे काम तिच्याकडं आलं ते आलंच.

हातानं फिरवायच्या चरकावर तारेचे फेरे देऊन ती कॉइल करायची. मोटारीच्या लोखंडी कड्याला आतून उभ्या खाचा असतात, त्यांत ती कॉइल एकेक तार सरकवत बसवायची, आणि वरून बांबूची पाचर ठोकायची, म्हणजे तार बाहेर येत नाही. त्या खाचांना ती 'घरं' म्हणायची. विणकाम करणाऱ्या बाया घरं मोजतात ना, तसं. चोवीस घरांची मोटार, छत्तीस घरांची मोटार. हे नाव तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच ठेवलं होतं.

मोजायची रीतही तिचीच, म्हणजे तिच्या आजीची. चरकावरचा आकड्यांचा मीटर केव्हाच मोडला होता. शालन इसांवर मोजायची. वीस फेरे झाले की एक चिंचोका डावीकडून उजवीकडं. एक चिंचोका म्हणजे एक इसा. चार चिंचोके सरकले की चार इसा, म्हणजे ऐंशी. कुठल्या मोटारीला किती इसा आणि वर किती सुटे, तार कुठल्या जाडीची, हे सगळं तिच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. रविंद्रला कुणी विचारलं तर तो नुसती मान पडद्याकडं वळवायचा. पंधरा वर्षांत तिचा आकडा चुकला असं झालं नाही. गिऱ्हाइकं मात्र म्हणायची, रवीचा हात लई साफ हाय. म्हस्कू आबा नावाचे एक म्हातारे बागायतदार तर मोटार घेऊन जाताना पडद्याकडं तोंड करून हमखास सांगायचे, सूनबाई, मोटार झ्याक झाली, आता च्या टाक. शालन मुकाट चहा टाकायची.

ती मूळची बावड्याची. सातवीत शाळेत पहिली आली होती. हायस्कुलात घालायची वेळ आली तेव्हा तिच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तिला घरी ठेवली, कारण धाकटा बुद्धघोष रांगत होता आणि आई रोजानं जायची. तोच बुद्धघोष पुढं शिकला आणि पुण्यात बँकेत लागला. शालनला आबांचा राग आला होता, पण तो राग जुना झाला, त्याला गंज चढला. नाहीतरी ज्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पोरांची प्रगतिपुस्तकं ठेवतात, त्यांच्यात शिक्षणावरून रुसायचं तरी कुणावर? सगळेच शिक्षणाच्या बाजूचे. फक्त तिच्या वेळेला जरा जमलं नव्हतं, एवढंच.

तर साक्षी टेक्निकलला निघाली. वस्तीत ज्याच्या-त्याच्या तोंडी तेच. पोरगी इलेक्ट्रिकलला जाणार, मोठी इंजिनियर होणार. लोक शेडवर येऊन रविंद्रचं अभिनंदन करायचे. बापाचं रक्त हाय, म्हणायचे. पडद्याआड शालनच्या अंगाची लाही लाही व्हायची. कुणाचं रक्त? ज्याला तारेचं टोक सापडत नाही त्याचं?

रविंद्रनं पोरीला निळा अ‍ॅप्रन शिवून आणला. लाल मुठीची नवीकोरी पक्कड आणली, टेस्टर आणला, हिरव्या डबीत बसणारे पाच स्क्रूड्रायव्हर आणले. शालननं पंधरा वर्षं शिंप्याकडून आणलेल्या जुन्या कात्रीवर आणि मोडक्या करवतीच्या पात्यावर काढली होती. तिनं कधी मागितलं नव्हतं हे खरं, पण त्यानंही कधी आणलं नव्हतं. साक्षी आंघोळीला गेली की शालन ती पक्कड हातात घ्यायची, उघडायची, मिटायची. एकदा तिनं ती आपल्या पोत्याखाली सारून ठेवली. पोरीनं दोन दिवस घर पालथं घातलं, रडकुंडीला आली. तिसऱ्या दिवशी पक्कड शालनलाच 'सापडली'. बाई, एवढी मोठी तू, आणि पोरीची पक्कड लपवतेस? पण लपवली खरी.

प्रवेशाची एक गोम होती. इलेक्ट्रिकलच्या वर्गात वीस पोरं आणि मुलगी एकटी साक्षी. वर्गाचे शिक्षक मारकड सर. आडनाव मारकड, पण माणसानं आयुष्यात कुणावर हात उगारला नसेल. मुलीला घ्यायला ते कचरत होते. शेवटी म्हणाले, पहिला महिना बघू. पहिलं मोठं काम नीट उतरलं तर मुलगी इथं, नाहीतर बालसंगोपनाच्या वर्गात जागा आहे, तिकडं पाठवू. बालसंगोपन म्हणजे अंगणवाडीतली पोरं सांभाळायचं शिक्षण. साक्षीनं मान डोलावली आणि घरी येऊन बापाला बजावून सांगितलं, मी काय तिकडं जायची न्हाय, सहा म्हैन्यांच्या पोरांची नाकं पुसायला मी शाळा शिकले न्हाय.

सकाळी सातची एसटी. लासुर्णे, सणसर, भवानीनगर करत बारामती. संध्याकाळी परत आली की पोरगी हात धुवायच्या आधी बोलायला लागायची. आज चार्ट बघितला, आज मीटर लावला, आज सरांनी मलाच फळ्यावर बोलावलं. रविंद्र तोंड उघडं टाकून ऐकायचा. शालन भाकऱ्या थापत पाठमोरी ऐकायची आणि तव्यावरची भाकरी करपायची. कुणीतरी माणसाला खुर्चीवर बसवून, खडूनं चित्र काढून, हे असं का होतं ते सांगतं? आणि आपण विचारलं तर रागावत नाही? तिला मोटार भरता येत होती, पण तारेत वीज गेल्यावर दांडा का फिरतो, हे तिला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. साक्षीला पंधरा दिवसांत सांगितलं.

एका संध्याकाळी पोरगी घुश्शात आली. सरांनी कडं दाखवून विचारलं होतं, ह्या खाचांना काय म्हणतात? साक्षीनं झटकन हात वर करून सांगितलं, घरं. अख्खा वर्ग खो खो हसला होता. कुणी म्हणालं, भाडं किती? घरी आल्यावर तिनं चपला भिरकावल्या आणि आईला म्हणाली, "आई, घर न्हाय म्हणायचं. स्लॉट म्हणत्यात. तुझ्यामुळं हसली सगळी मला."

शालन म्हणाली, बरं. दुसरं काय म्हणणार?

दोनच दिवसांनी शाळेचा फॉर्म आला, पालकाच्या सहीसाठी. रविंद्र विहिरीवर गेलेला, म्हणून साक्षीनं आईपुढं धरला. शालननं सही करायच्या आधी वाचला. सातवी पास बाई, वाचायची सवय सुटली तरी अक्षरं सुटत नाहीत. वडिलांचा व्यवसाय, मोटार रिवायंडिंग. आईचा व्यवसाय, घरकाम. साक्षीच्या सुबक अक्षरात, निळ्या शाईत. पोरीनं काही वाईट मनानं लिहिलं नव्हतं. सगळीच पोरं आईपुढं हेच लिहीत होती, तिनंही लिहिलं. शालननं सही केली. पण ते अक्षर तिच्या डोळ्यांत असं खुपलं की रात्रभर कुसासारखं सलत राहिलं. मी घरं भरते म्हणून तुला अ‍ॅप्रन मिळाला गं, असं तिला म्हणायचं होतं. म्हणाली नाही. आणि न बोललेलं माणसाला काय-काय करायला लावतं ते पुढं ऐका.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते पहिलं मोठं काम आलं. सरांनी प्रत्येकाला अर्ध्या एचपीच्या मोटारीचं एकेक रिकामं कडं दिलं. जुनी तार जाळून काढून टाकलेली, नुसतं लोखंड. तार असती तर मोजून फेरे कळले असते. पण सरांचं म्हणणं असं, की आकडे पुस्तकात शोधू नका, मीही देणार नाही. आपापल्या भागातल्या मिस्त्रींना विचारा, धंद्यातल्या माणसांशी बोलायला शिका. मग घरी नेऊन भरा आणि वर्गात आणून चालवा. साक्षीनं कडं घरी आणलं आणि बापाला विचारलं. रविंद्रची मान पडद्याकडं वळली.

साक्षी पडद्याआड आली. तशी ती तिथं फारशी येत नसे. लहानपणी आलीच तर शालन तिला हाकलून द्यायची, अभ्यास कर म्हणायची, वार्निशचा वास डोक्यात जातो म्हणायची. खरं तर ती जागा तिला कुणाला द्यायचीच नव्हती, पण हे तिला स्वतःलाही कबूल नव्हतं. साक्षी समोर उकिडवी बसली, मांडीवर वही, हातात पेन, आणि विचारलं, "आई, ह्याला फेरं किती?"

खरा आकडा शालनच्या जिभेवर होता. बाहेरच्या कॉइलीला चार इसा, आतल्या कॉइलीला तीन इसा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितला असता. पण तिनं त्या वहीकडं बघितलं, त्या पेनाकडं बघितलं. आता हे पोरगी लिहून घेणार, उद्या सरांना दाखवणार, सर शाबास म्हणणार. आणि ते साक्षीचं होणार. पंधरा वर्षं पोत्यावर बसून जमवलेलं, आणि शाबास घेणार ही, कोऱ्या अ‍ॅप्रनमध्ये.

"बाहीरच्याला तीन इसा," शालन म्हणाली, "आतल्याला दोन."

साक्षीनं साठ आणि चाळीस असं लिहून घेतलं. पेनाचं टोपण लावलं आणि गेली. खोटं कशाला बोलू, शालनला गार वाटत होतं. एकदा हिची जिरू दे, असं वाटत होतं. पडू दे एकदा तोंडावर, म्हणजे कळेल घरकाम काय असतं ते.

इथंच गोष्ट थांबली असती तर तिला चूक म्हणता आलं असतं. रागाच्या भरात निघून गेलेला शब्द म्हणता आलं असतं. पण तिसऱ्या दिवशी साक्षी कडं घेऊन पुन्हा आली. कॉइली भरून झाल्या होत्या, आणि कशा भरल्या होत्या! तारेला पीळ नाही, कागद फाटलेला नाही. शालननं ते बघितलं आणि तिला कळलं, की पोरीचा हात आपल्या हातावर गेलाय. अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल, पण हेवा आधी पोचला.

साक्षी म्हणाली, "आई, घर भरंना. तार कमी वाटती. पाचर ढिल्ली बसती बघ. आकडा बरोबर हाय न्हवं?"

बघा, पोरीनं विचारलं होतं. तोंडावर, सरळ विचारलं होतं. आणि स्लॉट नव्हती म्हणाली, घर म्हणाली होती. शालननं ते ऐकलंही. एक शब्द बोलायचा होता, तार सोड, पुन्हा गुंडाळू. तिची जीभ उचललीसुद्धा गेली. आणि तिनं सांगितलं, "पाचर जरा जाड घाल. बसंल."

साक्षीनं जाड पाचरी तासल्या आणि ठोकल्या. आईनं सांगितल्यावर कशाला शंका घेईल ती?

फेरे कमी पडले की मोटार जादा वीज ओढते आणि तापते. वर्गात काय झालं ते साक्षीनं नंतर रडत-रडत बापाला सांगितलं. बटण दाबलं तशी मोटार घोंगावली, फिरलीही, पोरांनी टाळ्याही वाजवल्या. मग तिचा आवाज बदलला, जळका वास सुटला आणि धूर निघाला. मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं, घराला आग लागली. मारकड सरांनी बटण बंद केलं आणि उद्या पालकांना घेऊन ये म्हणाले. रविंद्रला म्हस्कू आबांच्या विहिरीवर जायचं होतं, मोटार काढायला माणसं ठरली होती. तो म्हणाला, परवा जातो. शालन चुलीपुढून म्हणाली, मी जाती. का म्हणाली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. टेक्निकल एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, हेही त्यात होतंच.

एसटीत माय-लेकी शेजारी-शेजारी बसल्या. साक्षीचे डोळे सुजलेले. भवानीनगर मागं गेल्यावर ती खिडकीतून बघत म्हणाली, मला बालसंगोपनाला टाकणार. शालननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

वर्कशॉप लांबलचक होतं. भिंतीवर रंगीत चार्ट, लोखंडी पायांची टेबलं, प्रत्येकापुढं एक दिवा. कोपऱ्यात कॉइल गुंडाळायचं यंत्र, त्यावर काचेआड आकडे. मुठीला एक फेरा दिला की टिक करून आकडा पुढं सरकायचा. एक पोरगं ते फिरवत दुसऱ्याशी गप्पा मारत होतं. मोजायची गरजच नव्हती त्याला! शालन तिथं उभी राहिली ती राहिलीच. ज्या कामानं आपली पाठ वाकली ते इथं उजेडात, खुर्चीवर बसून, हसतखेळत शिकतात. पोरीनं हाताला धरून ओढलं तेव्हा ती भानावर आली.

सरांच्या टेबलावर ते कडं होतं. काळं पडलेलं. सरांनी शालनला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगायला लागले. मुलगी कष्टाळू आहे. भरणं सुबक आहे, वर्गात असं कुणाचंच नाही. पण फेरे कमी घेतले. ते एक वेळ समजू शकतो. मात्र तार कमी आहे हे हाताला कळलं असणारच, तेव्हा थांबायचं, पुन्हा चौकशी करायची. ते न करता हिनं जाड पाचरी ठोकून रिकामी जागा झाकली. विजेच्या कामात झाकलेली चूक माणूस मारते. आज मोटार जळली, उद्या एखादा शेतकरी चिकटेल. म्हणून मुलीला सोमवारपासून बालसंगोपनाला पाठवतो.

मग त्यांनी साक्षीला विचारलं, की आकडा कुणी दिला. साक्षी ताठ उभी होती. "आईनं," ती म्हणाली. "पण आई कधी चुकत नाही, सर. तिनं चार विसा सांगितलं असणार, मी तीन ऐकलं. चूक माझीच आहे."

पाचरीचं ती बोललीच नाही. एका वाक्यात सुटली असती, पण बोलली नाही. शालन खाली मान घालून फरशीकडं बघत होती.

सरांचा चेहरा निवळला. ते शालनकडं वळून समजुतीनं म्हणाले, "ताई, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. जुनी माणसं विसांवर मोजतात, त्यात घोटाळा व्हायचाच. अडाणी हिशेब तो. तुम्हाला तरी काय माहीत असणार?"

चांगला माणूस, चांगल्या मनानं बोलला. शालनला सुटायला दार उघडं करून दिलं. होय म्हटलं असतं तर ती आई राहिली असती, गरीब, अडाणी, बिचारी आई. पोरगी मात्र सोमवारी पोरं सांभाळायला गेली असती. तिच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी उसळल्या. लेकीचं वाटोळं होतंय ही एक. आणि दुसरी, अडाणी? मला काय माहीत असणार? कुठली पहिली उसळली ते मला विचारू नका. शालनलाही सांगता यायचं नाही.

ती खुर्चीवरून उठली. "घोटाळा न्हाय झाला, सर. बाहीरच्या कॉइलीला चार इसा लागत्यात, आतल्या कॉइलीला तीन. पंधरा वर्सं मीच भरती मोटारी, आमचं मालक न्हाय. पोरीनं ऐकलं ते बरोबर ऐकलं. मीच तीन आन् दोन सांगितलं. घर भरंना म्हणून ती इचारायला आली हुती, तवा पाचर जाड घाल म्हणून बी मीच सांगितलं. मोटार जळणार, मला ठावं हुतं."

यंत्रावरचं पोरगं थांबलं. सरांनी एकच विचारलं, का?

आता काय-काय सांगायचं? आबांचं सांगायचं, का पकडीचं, का त्या फॉर्मचं? "मला बी हितं यायचं हुतं," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, साक्षी, जागेवर जा, दुसरं कडं घे. एवढाच निकाल. पोरगी इलेक्ट्रिकललाच राहिली. शालनला त्यांनी दीडची एसटी आहे एवढंच सांगितलं. शालननं साक्षीकडं बघितलं. साक्षी तिच्याकडं बघत नव्हती. ती आपल्या टेबलाकडं चालली होती, पाठ ताठ, आणि स्वतः दाराशी पोचेपर्यंत शालन वाट बघत होती, की ही एकदा तरी वळेल.

घरी आल्यावर शालननं रविंद्रला फक्त सांगितलं, ऱ्हायली पोरगी हुती तितंच. बाकीचं तिनं सांगितलं नाही आणि साक्षीनंही सांगितलं नाही. शालन भांडणाची वाट बघत होती. पोरीनं आदळआपट करावी, बोलू नये ते बोलावं, कैदाशीण म्हणावं, असं तिला वाटत होतं. पण साक्षी नीट वागली. जेवायला वाढ म्हणाली, अ‍ॅप्रनला टीप मार म्हणाली, जाते म्हणाली. पडद्याआड मात्र आली नाही. शालन आपणहून विषय काढायची, आता कुठली मोटार दिली गं? साक्षी सांगायची, दिली एक. त्यापुढं काही नाही.

रविवारी रविंद्र बेअरिंग आणायला बारामतीच्या वाटेवरच्या जंक्शन गावी गेला होता. तिथं महिपती मिस्त्रीचं दुकान आहे. हा महिपती म्हणजे काय सांगावं! हात असा ओबडधोबड, की त्यानं भरलेल्या दोन मोटारी महिन्याभरात जळून कळंबला आल्या होत्या आणि शालननं त्याच्या नावानं नाक मुरडत त्या पुन्हा भरल्या होत्या. रविंद्र घरी आला तो हसत-हसतच. शेडमध्ये बेअरिंगची पुडी ठेवून पडद्याकडं तोंड करून सांगायला लागला.

"अगं, आपली साक्षी महिपतीकडं गेली हुती शुक्रवारी. एसटीतनं मधीच उतरून. अर्ध्या एचपीला फेरं किती, म्हणून इचारलंन् त्याला. त्यानं सांगितलं ऐंशी आन् साठ. वहीत लिवून घेतलं, दोनदा वाचून दाखिवलं, मग गेली. त्यो म्हणतोय, रवी, घरात दुकान आसून पोरगी माझ्या दारात कशी? मी म्हणलं, सरांनीच सांगितलंय, धा मिस्त्र्यांस्नी इचारा म्हणून. लई हुशार हाय पोरगी."

शालनच्या हातातला चरक थांबला होता. ऐंशी आणि साठ. तोच आकडा तिनं सरांच्या टेबलापुढं उभं राहून, चारचौघांत, खरा-खरा सांगितला होता, आणि साक्षीनं तो कानांनी ऐकला होता. तरी पोरगी वाटेत एसटीतून उतरली. कुठल्याशा परक्या माणसाच्या दारात उभी राहिली. त्याला विचारलं, त्यानं सांगितलं, आणि तिचा विश्वास बसला.

शालनला आयुष्यात पुष्कळांचा हेवा वाटला होता. भावाचा वाटला, पाटीवरच्या नावाचा वाटला, लेकीच्या अ‍ॅप्रनचा वाटला. पण त्या रविवारी पोत्यावर बसून तिला महिपतीचा जेवढा हेवा वाटला तेवढा कुणाचाच वाटला नव्हता.